चौथी उभी होती

रविवार असूनही बाबा खाली दुकानात बसले होते. गिऱ्हाईक यायचं नव्हतं, दाराच्या फळ्या लावलेल्या होत्या, तरी हात रिकामे ठेवले की बोटं आखडतात म्हणून ते कातडं कापायची रापी दगडावर घासत होते. तो आवाज जिन्यातून वरच्या खोलीत येत होता आणि त्याच्या तालावर टेबलाखाली भिंगरीचा उजवा पाय हलत होता. आईने दोनदा डोळे वटारले. तिसऱ्यांदा तिने लेकीच्या गुडघ्यावर सरळ हातच ठेवला. उजवा थांबला, डावा सुरू झाला.

भिंगरी हे काही तिचं खरं नाव नव्हतं. पण चालायला लागल्यापासून तिला दुसऱ्या नावाने कुणी हाक मारली नव्हती, आणि गेली तीन वर्षं वर्तमानपत्रंही तेच छापत होती. परदेशातल्या मोठ्या स्पर्धेहून परतून तिला बारा दिवस झाले होते. बारा दिवसांत ती एका जागी पाच मिनिटं बसली असेल तर शपथ. ताट हातात घेऊन खोलीभर फिरत जेवायची, मध्येच उठून खिडकी उघडायची, पुन्हा लावायची. वहिनी म्हणायची, हिला जेवायला वाढायचं म्हणजे चालत्या गाडीत सामान टाकायचं.

टेबलावर दोन कागद होते. एक टंकलिखित, खाली सहीसाठी ठिपक्यांची रेघ असलेला. दुसरा मुलींच्या शाळेचा, कोऱ्या करकरीत लिफाफ्यातला. क्रीडा संघटनेचे सचिव चार वाजता येणार होते आणि पहिल्यावर सही झाली की दुसरा तिच्या हातात ठेवणार होते. आता पावणेदोन वाजले होते.

दादाने पहिला कागद पुन्हा एकदा वाचून दाखवला. घरातला थोरला, शिवाय वर्षभरापासून दुकानाचा कारभार त्याच्याकडे, त्यामुळे वाचून दाखवायचं कामही आपोआप त्याचंच झालं होतं. मजकूर असा होता, की खाली सही करणारी मी आठशे मीटरच्या शर्यतीत चौथी आले. शर्यत संपल्यावर मी स्वतः उभी होते, मात्र माझ्या पुढच्या तिघी माझ्या डोळ्यांदेखत जमिनीवर कोसळल्या. त्यांचे हाल मी जवळून पाहिले. स्त्रीच्या शरीराला हे अंतर झेपणारे नाही असे माझे अनुभवांती मत झाले आहे, तरी स्त्रियांसाठी ही शर्यत यापुढे भरवू नये.

"यात तुझ्याबद्दल एक शब्द वाईट नाही," दादा म्हणाला. "उलट तू उभी राहिलीस असं लिहिलंय."

भिंगरी उठली आणि खिडकीशी गेली.

दादाची बाजू सगळ्यांना पाठ होती. शाळेत शारीरिक शिक्षण शिकवायची नोकरी, कायमची. दुकानासाठी संघटनेच्या सगळ्या धावपटूंच्या खिळ्यांच्या बुटांचं काम, दोन वर्षांचं, ज्याच्या भरवशावर त्याने चामड्याच्या व्यापाऱ्याला आधीच शब्द देऊन ठेवला होता. आणि या सगळ्याच्या बदल्यात काय, तर एक सही. ती शर्यत तशीही बंद होणार. वरच्या लोकांनी ते ठरवूनच टाकलंय. बुडणाऱ्या होडीत बसून राहण्यात कसला आलाय शहाणपणा, असं तो म्हणाला, आणि ते म्हणताना त्याचा आवाज थोडा मऊ झाला, कारण बहीण त्याला प्यारी होती. तिच्या पहिल्या विजेतेपदाची बातमी त्याने दुकानाच्या काचेवर आतून चिकटवली होती, आणि ती पिवळी पडली तरी काढू दिली नव्हती.

वहिनीने शिवणाच्या पेटीतून वर्तमानपत्राचं कात्रण काढलं. तिला नणंदेने नोकरी घ्यावी असं मनापासून वाटत होतं. तिला स्वतःला शिकायचं होतं ते राहून गेलं होतं, आणि शाळेचा लिफाफा आल्यापासून तिने तो चार वेळा तरी पुसून ठेवला होता.

"नऊपैकी पाच जणी बेशुद्ध," तिने वाचलं. मग मान वर केली. "पाच होत्या का गं?"

"आडव्या तीन झाल्या. बेशुद्ध एकही नाही."

"मग पाच कुठून आल्या?"

"ते लिहिणाऱ्याला विचार."

भिंगरीने सांगितलं, की पहिली आलेली, निळ्या बनियनची, दोन मिनिटांत उठून बसली आणि तिने सगळ्यात आधी आपली वेळ किती लागली ते विचारलं. दुसरीने पाणी मागितलं. तिसरी, हिरवी, पाठीवर पडून आभाळाकडे बघत हसत होती. संध्याकाळच्या मेजवानीत निळीने तीनदा वाढून घेतलं आणि नाच थांबेपर्यंत नाचली. वहिनीने कात्रणाची घडी घातली, पण पेटीत परत ठेवलं नाही. हातातच धरून बसली.

आई काहीच बोलत नव्हती. ती सहीच्याच बाजूची असणार हे भिंगरीने गृहीत धरलं होतं. आईला हे धावणं कधीच पटलं नव्हतं. पाच वर्षांत तिने मैदानाचं तोंड पाहिलं नव्हतं. घरात पदकं आली तेव्हा तिने ती कपड्यांच्या कपाटात, चादरींच्या खाली ठेवली होती. तीन मतं तिकडे, बाबा नेहमीप्रमाणे कुठेच नाहीत, आणि आपल्या बाजूला काका. असा हिशेब मांडून भिंगरी काकाची वाट बघत होती.

काकामुळेच तर सगळं सुरू झालं होतं. काका म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ. पोस्टात पत्रं निवडायच्या टेबलावर होता, लहानपणी खुबा निखळल्यामुळे लंगडत चालायचा. भिंगरी अकरा-बारा वर्षांची असताना दुरुस्त झालेले जोडे गिऱ्हाइकांच्या घरी पोचवायची. बाबा एका जोड्याला सरस लावून दाबून ठेवत आणि तो वाळायच्या आत ती पूल ओलांडून, जोडे देऊन परत येऊन उभी राही. काकाने एकदा गंमत म्हणून घड्याळ लावलं. दुसऱ्या दिवशी गंमत म्हणून नाही लावलं. पुढे त्याने तिला पहाटे मैदानावर न्यायला सुरुवात केली, फेऱ्या कशा वाटून घ्यायच्या, वळणावर आतली बाजू कशी धरायची, दुसरी फेरी पहिलीपेक्षा एका सेकंदानेही ढिली कशी पडू द्यायची नाही, हे शिकवलं. कुठून शिकला कोण जाणे. पोस्टात येणारी परदेशी मासिकं गिऱ्हाइकाला पोचण्याआधी तो वाचून घेई असा दादाचा संशय होता. एकोणिसाव्या वर्षी ती आठशे मीटरची विजेती झाली. पुढची दोन वर्षंही तीच. तिसऱ्या वर्षी तिने दोन मिनिटं सव्वीस सेकंदांत ते अंतर कापलं, आणि तेव्हा देशात तिच्या मागून येणारी बाई अर्धं वळण मागे होती.

अडीच वाजता जिन्यात काकाचं पाऊल वाजलं, एक जड, एक हलकं. भिंगरी तीन-तीन पायऱ्या टाकत खाली गेली आणि मधल्या वळणावरच तिने त्याला गाठलं. बोलायला सुरुवात केली ती थांबेना. वरच्या खोलीत सगळे काय म्हणतायत, कागदात काय लिहिलंय, सचिवांना काय सांगायचं. काकाने कठड्याला टेकून सगळं ऐकून घेतलं.

"सही करून टाक," तो म्हणाला.

तिला आधी वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही.

काकाने मग सावकाश समजावलं. तो कागद त्याने आधीच पाहिला होता. सचिव त्याला पोस्टात येऊन भेटले होते. शर्यत बंद करायचं बंद खोलीत ठरलंय, तुझी सही म्हणजे नुसता वरचा शिक्का. पण मुलींच्या छोट्या शर्यती, शंभराच्या, दोनशेच्या, अजून वाचवता येतील. शाळेत गेलीस तर वर्षाला दोनशे मुली तुझ्या हाताखाली धावतील. तू नाही म्हणालीस तर तिथे कुणीतरी शिट्टी वाजवून कवायत घेणारी बाई येईल. तुझी एक शर्यत मोठी की दोनशे मुली मोठ्या, हे तूच ठरव.

हे बोलणं खोटं नव्हतं. म्हणूनच ते तिला बोचलं. दादाला ती तोंडावर नाही म्हणू शकली असती. काकाने मांडलेलं झटकून टाकता येईना.

"त्यांनी तुला काय देऊ केलंय?" तिने विचारलं. विचारल्यावर तिला स्वतःचीच लाज वाटली.

काकाने आपल्या आखूड पायाच्या बुटाकडे पाहिलं. "पुढच्या स्पर्धेला पुरुषांच्या संघाबरोबर जायचं," तो म्हणाला. "वेळ नोंदवणारा म्हणून."

ती बाजूला झाली. काका कठडा धरून वर गेला. वर दादाचा आवाज ऐकू आला, या या म्हणत खुर्ची सरकवल्याचा. भिंगरी वर गेली नाही. खाली दुकानात आली.

दुकानात नेहमीचा सरस आणि ओल्या कातड्याचा वास होता. लाकडी साचे भिंतीला टांगलेले, गावातल्या कितीतरी माणसांचे पाय जोडी-जोडीने लटकताहेत असं दिसायचं. बाबांनी मान वर केली नाही. ती साच्यांच्या रांगेपुढून दोनदा इकडून तिकडे गेली, मग खिळ्यांच्या डब्यांची झाकणं उघडझाप करू लागली. बाबांनी डबा तिच्या हातातून काढून घेतला आणि फळीखालून तिचे बूट काढले. त्यांनी स्वतःच्या हाताने केलेले ते बूट होते. मऊ कातडं, पातळ तळवा, प्रत्येक तळव्याला कानशीने टोक काढलेले सहा खिळे.

बाबा बोलायचे कमी, आणि बोलले तर जोड्यांबद्दल. गावात म्हणायचे, की माणूस काय चुकतोय ते त्याचा झिजलेला जोडा बघून यांना कळतं, पण ते सांगत नाहीत. त्यांनी बूट उलटा करून तिच्यापुढे धरला.

"पुढचे दोन खिळे," ते म्हणाले. "तू जोर लावलास की दरवेळी मुरडून येतात. मी काढतो, नवे ठोकतो."

ती बघत राहिली. खिळे सरळ होते. अगदी निघताना होते तसे.

"आल्या दिवशीच बघितले मी," बाबा म्हणाले, आणि बूट तिच्या मांडीवर ठेवून पुन्हा रापी घासू लागले.

बारा दिवसांत पहिल्यांदाच भिंगरी स्वस्थ बसली. तिरक्या स्टुलावर, बूट धरून. मग तिने ते सांगितलं, जे काकालाही सांगितलं नव्हतं.

शेवटच्या वळणावर ती तिसरी होती. निळी आणि पांढरी पुढे, पण हाताच्या अंतरावर. हिरवी मागे. शंभर मीटर उरले तेव्हा तिच्या डोळ्यांच्या कडांना काळं येऊ लागलं. हे काळं तिच्या ओळखीचं होतं. घरच्या मैदानावर काका घड्याळ लावून पळवायचा तेव्हा ती त्या काळ्याच्या आरपार जायची, रेघ ओलांडून गवतावर कोसळायची, काका ओलं फडकं टाकायचा, आणि चार मिनिटांनी ती उठून वेळ विचारायची. त्यात काही नवल नव्हतं. पण तिथे हजारो माणसं बसलेली. आणि तिला आईचं बोलणं आठवलं. निघताना स्टेशनवर तिची कॉलर नीट करत आई म्हणाली होती, हरलीस तरी चालेल, लोकांत पडू नकोस.

"मी थोडं राखून ठेवलं," भिंगरी म्हणाली. "फार नाही. मूठभर. तेवढ्यात हिरवी गेली."

हिरवीने तिला शेवटच्या पाच-सहा पावलांत मागे टाकलं. रेघ ओलांडल्यावर पुढच्या तिघी आडव्या झाल्या आणि ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. कॅमेरे तिच्याकडे वळले. मग कुणीतरी येऊन तिचा हात हातात घेऊन म्हणालं, शाबास, तू एकटी उभी राहिलीस. त्या दिवसापासून जो भेटेल तो हेच म्हणत होता. जखमेवर मीठ चोळणाऱ्याला निदान आपण मीठ चोळतोय हे ठाऊक असतं. ही माणसं तर तिला हार घालत होती.

बाबांनी रापीची धार अंगठ्यावर बघितली. कुणाला सांगशील का, असं त्यांनी विचारलं नाही. सही करू नकोस असंही म्हणाले नाहीत. जिन्यात काहीतरी वाजलं म्हणून भिंगरीने मागे वळून पाहिलं. वरून तिसऱ्या पायरीवर आई उभी होती, हातात बाबांचा चहा. किती वेळ उभी होती कोण जाणे. तिने कप बाबांपुढे ठेवला आणि लेकीकडे न बघता वर गेली.

सचिव चारला पाच मिनिटं असताना आले. वाईट माणूस नव्हता. उंच, थकलेल्या चेहऱ्याचा, बूट दाराशी नीट ओळीत काढणारा. त्यांच्या कातडी पिशवीची मूठ एका बाजूने उसवली होती. बाबाही वर आले होते. त्यांनी काही न विचारता पिशवी मांडीवर घेतली, सचिवांना कागद बाहेर काढून घ्यायला लावले, आणि खिशातून आरी आणि मेणाचा दोरा काढून टाके घालायला बसले. पुढे जे काही झालं ते होत असताना बाबांचे टाके चालूच होते.

सचिवांनी तिचं कौतुक केलं. ते म्हणाले, की तिच्या शब्दाला वजन आहे, कारण पडलेल्या मुलींनी काही सांगितलं तर लोक म्हणतील, पदकं मिळाली, त्या शर्यतीचीच बाजू घेणार; तिचं तसं नाही. ती उभी होती. काकाने खाली बघत मान डोलावली. दादाने दौत पुढे सरकवली.

भिंगरीने टाक उचलला, कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहू लागली. तिचं अक्षर मोठं, वाकडं. खोलीत दोऱ्याचा सर्रसर्र आवाज तेवढा होता. लिहून झाल्यावर तिने तो सचिवांपुढे ठेवला. दादाने त्यांच्या खांद्यावरून वाचलं.

तिने लिहिलं होतं, की माझ्या पुढच्या तिघींनी सगळं दिलं म्हणून त्या आडव्या झाल्या, आणि थोड्या वेळाने उठल्या. मी राखून धावले म्हणून उभी राहिले. त्याच दिवशी पुरुषांच्या पंधराशे मीटरनंतर चौघे पडले, दोघांना उचलून न्यावं लागलं. ती शर्यत बंद करा असं कुणी म्हणालेलं नाही. खाली सही.

सचिवांनी ते दोनदा वाचलं. "याचा मला उपयोग नाही," ते शांतपणे म्हणाले. "आणि तुम्हाला तर नाहीच. राखून धावले, हे तुम्ही स्वतःच्या हाताने लिहून देताय. देशाने तुम्हाला पाठवलं होतं."

तिला हे सुचलंच नव्हतं. दादा पुढे झाला, तिला बाजूला घेऊन समजावू लागला, हे फाडून टाक, अजून वेळ गेलेली नाही, तिच्या मनावर परिणाम झालाय असं सचिवांकडे बघूनही म्हणाला. वहिनीने हातातलं कात्रण टेबलावर ठेवलं आणि हळूच म्हणाली, की पाच नव्हत्या म्हणे, तीनच होत्या, तेवढं तरी आधी दुरुस्त करायला नको का. दादाने बायकोकडे असं बघितलं की जणू घरात चोर शिरला आणि दार आतून उघडलेलं निघालं.

तेव्हा आई बोलली.

"त्या तिघी आता कशा आहेत?" तिने सचिवांना विचारलं.

सचिव गोंधळले. "कोण?"

"ज्या पडल्या त्या. तुम्ही म्हणताय त्यांचे हाल झाले. मग आता बऱ्या आहेत का?"

त्यांना कल्पना नव्हती. त्यांनी तसं सांगितलं.

"विचारलं नाहीत," आई म्हणाली. तिने ते ओरडून म्हटलं नाही. दुकानात उलटं शिवलेलं टाचेचं कातडं बघून म्हणायची तसं म्हणाली. "मला हे धावणं कधी आवडलं नाही. आजही आवडत नाही. पण ती राखून धावली ते माझ्यामुळे. मी तिला सांगितलं होतं, लोकांत पडू नकोस म्हणून. ते लिहायचं असेल तर लिहा, खाली मी सही करते. तिची दुसरी सही या घरातून मिळणार नाही."

भिंगरीने खाली पाहिलं तर तिचे दोन्ही पाय स्थिर होते.

सचिवांनी शाळेचा लिफाफा उचलला. त्यांनी त्यात कसलाही राग दाखवला नाही, आणि त्यामुळेच वहिनीला रडू आलं. बाबांनी शेवटचा टाका दाताने तोडला, मूठ ओढून बघितली आणि पिशवी परत दिली. सचिवांनी किती द्यायचे विचारलं. बाबांनी नुसती नकारार्थी मान हलवली. भिंगरीने लिहिलेला कागद सचिवांनी घडी करून पिशवीत टाकला, आणि तो त्यानंतर कुणी पाहिला नाही. त्यांना कोपऱ्यापर्यंत सोडायला काका उठला.

तो परतला तेव्हा उन्हं उतरली होती. दादा रागाने घराबाहेर निघून गेला होता, वहिनी कप विसळत होती. काका आत आला नाही. दारात, चौकटीला धरून उभा राहिला.

"मी लिहून दिलं," तो म्हणाला.

वहिनीने हातातला कप खाली ठेवला.

"पाच वर्षं हिला मी शिकवलं, आणि माझं मत असं असं आहे, म्हणून. त्यांच्याकडे दुसरा कागद होता." त्याने भिंगरीकडे पाहिलं. "तू नाही म्हणू शकतेस. तुझ्याकडे पाय आहेत."

"मला तूच सांगितलं होतंस," भिंगरी म्हणाली, "की आपण आरपार जायचं. काळ्याच्या पलीकडे काही नसतं, नुसतं गवत असतं."

"सांगितलं होतं."

"खोटं होतं का?"

"नाही," काका म्हणाला.

तो जिना उतरून गेला. एक जड, एक हलकं. हिवाळ्यातल्या बैठकीत त्याचं पत्र वाचून दाखवलं गेलं आणि स्त्रियांची आठशे मीटरची शर्यत एकमताने बंद झाली. काका पुरुषांच्या संघाबरोबर गेला, चांगला वेळ नोंदवणारा म्हणून त्याने नाव कमावलं, आणि त्याची-भिंगरीची पुढची नऊ वर्षं बोलचाल नव्हती. शाळेत शिट्टीवाली बाई आली. बुटांचं काम दुसऱ्या दुकानाला गेलं, दादाने चामड्याच्या व्यापाऱ्यापुढे तोंड कसं दाखवायचं म्हणून तीन महिने त्या रस्त्याने जाणं सोडलं, आणि भिंगरी बाबांच्या शेजारी दुसऱ्या स्टुलावर बसून तळवे कापायला शिकली. पण हे सगळं नंतरचं.

दुसऱ्याच दिवशी, सोमवारी उजाडताना भिंगरीला जाग आली तेव्हा आई बाहेरचे कपडे घालून दाराशी उभी होती.

"मला एकदा दाखव," आई म्हणाली. "काय असतं ते आठशे मीटर."

दोघी पुलावरून मैदानावर गेल्या. आईला मैदान आपल्याला वाटलं होतं त्यापेक्षा खूप मोठं वाटलं, आणि एवढं सगळं फिरायचं का, दोनदा का, असं तिने विचारलं. भिंगरीने बूट चढवले, रेघेवर उभी राहिली. घड्याळ लावणारं कुणी नव्हतं. आईला कळेना कधी सुरू करायचं ते आपण सांगायचं का, म्हणून ती "हं" म्हणाली, आणि लेक निघाली.

पहिल्या फेरीत आईला ती ओळखीची वाटली, घरात इकडून तिकडे जाते तशी, फक्त जागा पुरेशी मिळालेली. दुसऱ्या फेरीत नाही. पलीकडच्या वळणावरून जी आली तिचा चेहरा ओढलेला होता, तोंड उघडं, मान मागे. आईने मैदानाच्या कडेचा कठडा घट्ट धरला. थांब म्हणावंसं तिला वाटलं, ते तिने गिळलं. शेवटच्या सरळ पट्ट्यावर लेक तिच्यापुढून गेली ती तिला न बघता, कुणालाच न बघता, आणि खिळे रेतीत रुतण्याचा आवाज आईने पहिल्यांदा ऐकला.

रेघ ओलांडून भिंगरी सात-आठ पावलं गेली आणि गवतावर आडवी पडली. हात पसरून, डोळे मिटून, पोट भात्यासारखं वरखाली.

आई चालत तिच्यापाशी आली. धावत नाही, चालत. ती वाकली नाही, कपाळाला हात लावला नाही, काय होतंय विचारलं नाही. दवाने भिजलेल्या गवतावर हातरुमाल अंथरून ती शेजारी बसली. मैदानाच्या पलीकडच्या रस्त्याने कामावर जाणारी माणसं थांबून बघू लागली होती. दोघे-तिघे कुंपणाशी आले. काय झालं, मदत हवी का, असं एकाने लांबूनच विचारलं.

"काही नाही," आई म्हणाली. "धावलीय."

मग ती लेकीकडे वळली.

"पड निवांत," ती म्हणाली. "घाई नाही."